सांगता येत नाही

सुई दिल्यानंतर पेशंट खुर्चीतून उठून गेला, असं माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात एकदाच झालं. दारातून परत फिरलेले पुष्कळ पाहिले, सुई बघून रडलेले बाप्येही पाहिले. पण अर्धं तोंड बधिर करून घेऊन, दुखरी दाढ जागच्या जागी ठेवून चालता झालेला हा एकटाच. गृहस्थ मोटार चालवायला शिकवणारे. मी माणसं चेहऱ्यापेक्षा दातांनी लक्षात ठेवते, त्या हिशेबाने ते म्हणजे खालची डावी, शेवटून दुसरी, आतून पोखरलेली. मी त्यांना मास्तर म्हणते. सुई दिली की ओठ जड होईपर्यंत थोडं थांबावं लागतं, आणि त्या वेळात नर्सबाईंनी दार अर्धं उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी मोठा केला आणि माझ्या नवऱ्याचं नाव आत आलं. आधी नाव, मग ‘सभागृहात खळबळ’, मग त्याचा स्वतःचा आवाज. त्याने आपल्याच पक्षाच्या विरोधात मत दिलं होतं आणि तिथल्या तिथे उभ्या उभ्या पक्ष सोडला होता. मी हातात पक्कड घेऊन उभी. मला हे मास्तरांबरोबरच, त्याच मिनिटाला कळत होतं. ‘वरून बरं दिसतं म्हणून सडलेलं झाकून ठेवायचं नसतं,’ नवरा टीव्हीत म्हणत होता, ‘झाकलं की दुखणं आत वाढतं.’ मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्चीवरून पाय खाली सोडले. ‘गद्दाराच्या घरच्यांकडून मी दात काढून घेणार नाही,’ असं ते म्हणाले. म्हणजे असं म्हणायचं होतं. अर्धा ओठ मेलेला, त्यामुळे निघालं ते भलतंच. पण डोळ्यांवरून अर्थ पोचला. गळ्यात बांधलेला हिरवा कागदी रुमाल तसाच ठेवून ते बाहेर बसलेल्या सगळ्यांसमोरून ताठ मानेने निघून गेले, आणि नर्सबाई रुमालासाठी त्यांच्यामागे दारापर्यंत धावल्या. ‘अहो, दोन तासांनी ठणकेल!’ मी आतून ओरडले. त्या क्षणी माझ्या तोंडून एवढंच निघालं.

गद्दार या शब्दाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही, खरं सांगते. मला लागलं ते वाक्य. ते माझं होतं. ‘डॉक्टर, वरून नुसती चांदी भरून द्या, बाकी राहू दे,’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवते, अगदी त्याच क्रमाने, त्याच जागी थांबून. नवऱ्यालाही मी ते ऐकवलं होतं, जेवताना, पण दातांबद्दल नाही. जुन्या सरकारी रुग्णालयाबद्दल. तिथे मी शिकले. माझ्या हाताने निघालेला पहिला दात तिथल्या बाकड्यावर बसलेल्या एका हमालाचा होता, आणि तो निघाल्यावर त्याच्यापेक्षा मलाच जास्त घाम आला होता. त्या रुग्णालयाला हात लावणार नाही असं नवऱ्याच्या पक्षाने निवडणुकीत छातीठोक सांगितलं, आणि सत्ता मिळाल्यावर त्याच जागेवर दुकानांची इमारत उठवायचं घाटू लागलं. नवऱ्याने विरोधात मत दिलं ते याच ठरावावर. नवरा पक्षाचा प्रवक्ता. पक्ष जे करील ते कसं बरोबर आहे हे रोज संध्याकाळी टीव्हीवर पटवून द्यायचं, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी आला की मी विचारायची, ‘आज कशावर पांघरूण घातलंस?’ तो हसायचा, हात धुवायचा, ताटावर बसायचा. मी वाढता वाढता रुग्णालयाचं काढायची, सडलेलं आणि झाकलेलं असं सगळं बोलायची, आणि तो भाजी छान झालीय म्हणायचा. मला वाटायचं, ह्याच्या कानात माझ्यापुरतं कुलूप आहे. वर्षभर मी भिंतीशी बोलत होते असं समजून होते. तर भिंत ऐकत होती! आणि ऐकत होती हे मला सगळ्या जगाबरोबर, हातात पक्कड असताना कळलं. आनंद झाला का? झाला, नाही कशाला म्हणू. आणि रागाने अंगाची लाही झाली का? तीही झाली. दोन्ही एकाच वेळी, आणि मधे पुढचा पेशंट आ करून बसलेला.

संध्याकाळी घरी गेले तर सासूबाईंनी टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता. सासरे हयातभर पक्षाचे कार्यकर्ते होते. त्यांच्या बैठकांना चहा करण्यात या बाईंची उमेदीची वर्षं गेली. पक्ष म्हणजे त्यांच्या लेखी घरातला आणखी एक दीर, न आवडणारा पण टाळता न येणारा. मला बघून म्हणाल्या, ‘तो आत बसलाय. तुम्ही दोघं काय ते बोलून घ्या. मी माझ्या खोलीत जाते, मला तिथून ऐकू येतंच.’ नवरा पलंगाच्या कडेवर बसला होता, एक मोजा काढलेला, एक पायातच. मी विचारलं, ‘मला का सांगितलं नाहीस?’ म्हणाला, ‘तुला माहीत नसलं की तुला कुणी त्रास देणार नाही. तू बाहेर राहशील.’ ‘बाहेर? माझ्या खुर्चीतून माणूस उठून गेला, अर्ध्या तोंडाने शिव्या देत.’ तो म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कर.’ ‘मग?’ ‘मग ते तुझ्या सांगण्यावरून केल्यासारखं झालं असतं. मला ते माझं म्हणून करायचं होतं.’ ‘माझं वाक्य घेऊन?’ यावर त्याने दुसरा मोजा काढला आणि बराच वेळ त्याची घडी करत बसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरणारा हा बोलघेवडा माणूस, त्याला स्वतःच्या एवढ्याशा चुकीसाठी शब्द सापडेना. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला. ‘दवाखाना चार-आठ दिवस बंद ठेव,’ तो शेवटी म्हणाला, ‘लोक चिडलेत.’ मी म्हटलं, ‘लोकांचे दात चार-आठ दिवस चिडायचे थांबणार आहेत का? उघडा राहील.’ पलीकडच्या खोलीतून सासूबाई खाकरल्या. त्या खाकरण्यावरून त्या कोणाच्या बाजूने आहेत ते मला आजवर कळलेलं नाही.

दवाखाना उघडाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं, माझं नाव सोडून फक्त आडनावावर, म्हणजे विचार करून. नर्सबाई म्हणाल्या, ‘बाई, रॉकेल आणून पुसू का?’ मी म्हटलं, ‘राहू द्या. दाढ दुखली की माणूस पाटी वाचत नाही.’ बाहेरच्या खोलीत लोक येऊन बसत, आणि दाराआडून मला त्यांचं सगळं ऐकू येई. कुणी म्हणे, याला पलीकडून काहीतरी कबूल झालंय, उगाच कोण भरल्या ताटावरून उठतो. कुणी म्हणे, अहो, एवढ्या वर्षांत एक तरी मर्द निघाला. एक आजी ठासून सांगत की हे सगळं नाटक आहे आणि दोघेही आतून एकच आहेत. त्यांना प्रत्येक गोष्ट नाटकच वाटते, त्यांच्या हिरडीला सूज आली होती तेव्हाही त्यांनी माझ्यावर असाच संशय घेतला होता. आणि मग कोणीतरी आवाज खाली आणून म्हणे, ‘बायकोनंच कान भरले असणार,’ किंवा, ‘बायकोला माहीत नसेल असं होईल का?’ मी दार उघडलं की सगळ्यांना दातखीळ बसायची. पुढचा पेशंट आत येऊन खुर्चीवर आडवा व्हायचा आणि आ करायच्या आधी म्हणायचा, ‘मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं.’ म्हणजे काय घेऊ नको? तुम्ही मला काही दिलंच कुठे? तुम्हाला नवऱ्याबद्दल मत आहे, पक्षाबद्दल आहे, माझ्या कान भरण्याबद्दलही आहे. पण ‘बाई, तुम्हाला काय वाटतं’ असं एकानेही विचारलं नाही. टीव्हीवर रोज संध्याकाळी जनमत चाचणी दाखवत, रंगीत खांब उभे करून: पक्ष सोडला ते बरोबर, चूक, सांगता येत नाही. पहिले दोन खांब रोज खालीवर होत. तिसरा बुटका, राखाडी रंगाचा, आहे तिथेच. नवऱ्याने मला त्या राखाडी खांबात नेऊन बसवलं होतं, माझ्या भल्यासाठी. आणि मी तिथे तोंड मिटून बसावं असं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

या सगळ्या गदारोळात एकच माणूस बोलत नव्हता. थोरले. थोरले म्हणजे पक्षाचे अध्यक्ष. त्यांचं खरं नाव भिंतींवर रंगवलेलं असतं, तोंडाने सगळे थोरलेच म्हणतात. ज्या नवऱ्याला त्यांनी बोट धरून वर आणलं त्यानेच भर सभागृहात पाठ फिरवली, आणि थोरल्यांनी हूं की चूं केलं नाही. मग काय, जो तो त्या गप्प बसण्याचा अर्थ लावू लागला. वर्तमानपत्रांनी ‘सूचक मौन’ असे मथळे दिले. टीव्हीवर चार जाणते बसवून थोरल्यांच्या मौनातले डावपेच उलगडून दाखवले. नवरा घरात येरझारा घालत म्हणायचा, ‘म्हातारा गप्प आहे म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय.’ मग लगेच, ‘पण जितका गप्प राहील तितकं आपलं भलं. आणखी चार दिवस असाच राहू दे, कुंपणावर बसलेले सात-आठ जण तरी आमच्याकडे उड्या मारतील. तो बोलला की सगळे घाबरून परत बिळात.’ मी भांडी विसळत ऐकत होते आणि माझं मला हसू आवरेना, म्हणून नळ मोठा सोडला. कारण थोरल्यांच्या मौनाचा अर्थ सगळ्या देशात मला एकटीला ठाऊक होता. थोरल्यांची कवळी मोडली होती.

थोरल्यांच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात नाही. हे त्यांना, त्यांच्या ड्रायव्हरला आणि मला माहीत. बाकी जगाला ते फोटोतलं भरघोस हसणं माहीत. पहिली कवळी मी केली तेव्हा नवरा नुकताच पक्षात नावारूपाला येत होता, आणि थोरले भर दुपारी, दवाखाना बंद असताना, तोंडावर रुमाल धरून मागच्या बोळातून आले होते. ‘सूनबाई, हे आपल्या दोघांत,’ म्हणाले. मी तेव्हा सांगितलं होतं, ‘दवाखान्यातलं मी नवऱ्यालाही सांगत नाही,’ आणि ते पाळलं. हिरड्या झिजून ती कवळी सैल झाली म्हणून नव्या कवळीची मापं मी महिन्यापूर्वीच घेतली होती. नवऱ्याने पक्ष सोडला त्याच दिवशी जुनी दुभंगली; रागाने दात खाल्ले असतील, नाही म्हणता येत नाही. फोनवर नुसती फुसफुस ऐकू आली, आधी मला वाटलं कुणीतरी वात्रटपणा करतंय. मग ओळखलं. दुसऱ्या कुणाकडे जायची त्यांना सोय नव्हती. आयत्या वेळी दुसरा डॉक्टर गाठणं म्हणजे गावभर दवंडी. नवी कवळी कारागिराकडून येऊन माझ्या कपाटात पाण्याच्या डबीत पडली होती. घासायची, बसवायची, की झालं. आणि थोरल्यांची जाहीर सभा शनिवारी संध्याकाळी ठरली होती. आता कुणाला वाटेल, यात विचार तो काय करायचा. मी केला. दोन दिवस केला. कारागीर आजारी आहे म्हणायचं होतं, बस. कुणाला कळलं असतं? नवऱ्याला त्याचे चार दिवस मिळाले असते, ते कुंपणावरचे सात-आठ मिळाले असते, कोण जाणे रुग्णालयसुद्धा वाचलं असतं. मी कपाट उघडून त्या डबीकडे बघायची. गुलाबी टाळू, पांढरे स्वच्छ दात, पाण्यात कोणावर तरी हसत पडलेले. मग मला वाटायचं, मी जर ही डबी आत लपवली तर बाहेर बसून जे म्हणतात बायकोच सगळं करते, ते खरं होईल. नवऱ्याने त्याचं भांडण माझ्या नकळत ओढवून घेतलं, आता ते जिंकायला माझं काम कमअस्सल करून देऊ? आजवर मी कुणाच्या तोंडात खोटं काम बसवलेलं नाही. खोटे दात बसवले, खोटं काम नाही. शनिवारी दुपारी या, असा मी ड्रायव्हरला निरोप दिला.

नर्सबाई जेवायला गेल्या होत्या. थोरले मागच्या दाराने आले, खुर्चीत बसले, रुमाल बाजूला केला. दातांविना त्यांचा चेहरा अर्धा होतो. गाल आत, हनुवटी वर, आणि डोळे मात्र होते तेवढेच राहतात. मी कवळी बसवली, चावायला लावलं, निळा कागद धरून पुन्हा चावायला लावलं, उंच लागत होतं तिथे घासलं. मग बोलण्याची परीक्षा. नवी कवळी दिली की मी सगळ्यांना साठाच्या पुढचे आकडे म्हणायला लावते, त्यात स येतो, ष्ट येतो, जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं. ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट,’ थोरले शाळेतल्या पोरासारखे म्हणू लागले, आणि प्रत्येक आकड्यामागे बारीक शिट्टी. समोरच्या दातांमागे कवळीची टाळू जाड झाली होती. काढली, घासली, परत बसवली. आकडे बरे आले. मी म्हटलं, ‘आता संध्याकाळी जे बोलणार आहात ते म्हणा.’ ते माझ्याकडे बघत राहिले. ‘नको, सूनबाई.’ ‘म्हणा. आकड्यांचं भाषण करणार नाही तुम्ही. सभेत शिट्टी वाजली तर लोक उद्या माझं नाव घेणार नाहीत, पण मला माहीत असेल.’ थोरल्यांनी खिडकीकडे तोंड केलं. ‘विश्वासघात,’ ते म्हणाले. काय शब्द आहे! ओठ दाताला लागतो, जीभ टाळूला, मग दाताला, कवळीची एकही जागा सुटत नाही. श मधे वारा जात होता. ‘द्या.’ त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली, मी यंत्र लावून अगदी केसभर उतरवली, परत दिली. ‘पुन्हा.’ ‘विश्वासघात.’ ‘आता त्याचं नाव घेऊन.’ त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, पूर्ण नाव, ज्याला ते एरवी पोरा म्हणायचे त्याचं. ‘पुन्हा.’ ‘या माणसानं पाठीत…’ ‘ठ चा थ होतोय, जीभ वर टाळूला टेकवा. पुन्हा.’  मी पुन्हा, पुन्हा म्हणत राहिले, माझ्या माणसाला दिलेली शिवी माझ्या खोलीत स्वच्छ, धुतल्यासारखी उभी राहीपर्यंत. इतकं चांगलं काम मी क्वचित केलंय.

थोरले उठले, आरशात हसून पाहिलं. मग कोट नीट करत म्हणाले, ‘चला, सूनबाई. पुढच्या दाराने जाऊ.’ मला कळेना. ‘मी ड्रायव्हरला गाडी पुढे लावायला सांगितलंय. दोन-चार फोटोवाले आलेत. साधी तपासणी म्हणून सांगितलंय त्यांना. तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं माझ्या शेजारी उभं राहायचं. वाटल्यास नमस्कार करा, मी वडीलच आहे तुम्हाला.’ मी बाहेरच्या खोलीत जाऊन पडद्याच्या फटीतून पाहिलं. दोन-चार कुठले, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायऱ्यांवर कॅमेरे घेऊन घोळका बसला होता. उद्याचा मथळा मला इथूनच वाचता आला: नवरा गेला, बायको थोरल्यांच्या बाजूला. एक शब्द न बोलता माझं मत उद्या घरोघरी पोचणार होतं. नवऱ्याने मला राखाडी खांबात बसवलं, आणि हे मला उचलून त्यांच्या रंगाच्या खांबात ठेवायला निघाले होते. माझं भलं दोघांनाही पाहायचं होतं. मी परत आत आले. अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘उजवीकडे अजून थोडं टोचेल ते. द्या इकडे, एकदा बघते.’ इतक्या वर्षांची सवय. त्यांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी मूठ मिटली. ‘मागच्या दाराने जाणार असाल तर ही आत्ता तयार आहे,’ मी म्हटलं. ‘पुढच्या दाराने जायचं असेल तर अजून पुष्कळ घासावी लागेल. सभा उरकेपर्यंत घासावी लागेल.’ त्यांचे गाल आत गेले होते. ते काहीतरी बोलले, खूप बोलले, त्यात सूनबाई एवढंच कळलं. ‘माझ्या हातचे दात लावून माझ्या नवऱ्याला काय हवं ते बोला, मी ते तुम्हाला स्वच्छ बोलता येईल असं करून दिलंय,’ मी म्हटलं. ‘माझ्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. तुम्ही नाही, त्यानेही नाही.’ थोरले उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. ड्रायव्हरला फोन करायची सोय नव्हती. गाडी फोटोवाल्यांच्या घोळक्यालगत, दातांशिवायचा तो आवाज पलीकडे कुणी ऐकला असता तर संपलंच. शेवटी त्यांनी स्वतःच फोनवर बोटाने निरोप टाइप केला, एकेक अक्षर शोधत, आणि बोळात गाडीचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो, ते रुमाल तोंडावर धरून आणि मी मूठ मिटून. दारात मी कवळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, जीभ फिरवली, आणि अगदी स्पष्ट म्हणाले, ‘पक्षात तुम्ही यायला हवं होतं, तो नाही.’ ‘आज फार गरम चहा पिऊ नका,’ मी सांगितलं. पुढच्या बाजूला फोटोवाले बराच वेळ दारावर डोळा लावून बसले होते.

संध्याकाळी बाहेरची खोली भरली होती, आणि त्या गर्दीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर गालाला हात लावून मास्तर. गाल टम्म सुजलेला, डोळा बारीक झालेला. माझ्याकडे न बघता आत आले, खुर्चीवर आडवे झाले. मी नवा हिरवा रुमाल गळ्यात बांधला. या खेपेला ते उठू शकले नसते. दुखण्याने त्यांचा पुरता अंत पाहिला होता. सुई दिली आणि बाहेर टीव्हीवर सभा सुरू झाली. दार नर्सबाई ओढून घेत होत्या, मी म्हटलं, ‘राहू द्या उघडं.’ थोरल्यांचा आवाज आला.  माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, मग तो शब्द, श मधून वाऱ्याचा मागमूस नाही, त आपल्या जागेवर. लाखभर माणसं ओरडली. मी मास्तरांची दाढ धरली, हलवली, एकदा आत दाबून बाहेर घेतली. निघाली सगळी, मुळासकट. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कापूस चावून धरलेल्या तोंडाने त्यांनी काहीतरी विचारलं. बोट टीव्हीच्या दिशेला, मग माझ्याकडे. एवढ्या दिवसांत मला काय वाटतं ते विचारणारा हा पहिला माणूस, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

मी हातमोजे काढले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. सगळ्यांनी टीव्हीवरून नजर माझ्यावर आणली. दारात नवरा उभा होता. सभेनंतर लोक दगड मारतील म्हणून मला न्यायला आला असावा. त्याला कुणी सरकून जागा दिली नव्हती. ‘माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगते,’ मी म्हटलं, ‘म्हणजे पुन्हा दाराआडून अंदाज करायला नको. नवऱ्याने पक्ष सोडला ते बरोबर केलं. उशिरा केलं, पण बरोबर केलं. मला न सांगता केलं ते चूक केलं, आणि मला आधी विचारलं असतंत तर हेही मी सांगितलं असतं. मी कुणाचे कान भरले नाहीत. भरले असते तर याच्या आधीच हे झालं असतं. आणि यापुढे त्या चाचणीतल्या ‘सांगता येत नाही’ मधे मला धरायचं नाही. मला सांगता येतं. कोणाची पाळी आहे?’  नाटकवाल्या आजींनी पर्स उघडली आणि मिटली. ज्याची पाळी होती तो तरुण उठेचना, मग एकदम उठला आणि आत गेला. काही जण निघून गेले असतील; मी पाहिलं नाही, मला काम होतं.

दवाखाना बंद करून आम्ही रस्त्याने चालत निघालो. पाटीवरच्या डांबराकडे नवऱ्याने पाहिलं. थोडं चालल्यावर म्हणाला, ‘म्हातारा आज काय बोलला! एक अक्षर सुटलं नाही. इतका स्वच्छ मी त्याला कधी ऐकला नव्हता.’ मी हसले. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि मला माहीत होतं की हे हसणं कशाचं ते मी त्याला कधी सांगणार नाही. ‘त्याचं ऐकलंस,’ मी म्हटलं. ‘माझं?’ ‘ऐकलं की. दारातच होतो.’ मी थांबले. माणसं आमच्याकडे बघत जात होती, कोणी ओळखून, कोणी न ओळखता. ‘मग म्हणून दाखव.’ ‘काय?’ ‘मी तुझ्याबद्दल जे म्हणाले ते. तुझं काय चुकलं म्हणाले ते.’ रस्त्यात काय, असा चेहरा त्याने केला. मग घसा साफ केला, पक्षाची बाजू मांडायच्या आधी करतो तसा, आणि ते ध्यानात येऊन ओशाळला. ‘तुला न सांगता…’ तो म्हणाला, आणि पुढचं तोंडातल्या तोंडात राहिलं.

‘अर्धं गिळलंस,’ मी म्हटलं. ‘पुन्हा.’